शेजारधर्म आणि पाळत

2017 च्या ऑगस्टमध्ये अठरा दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. 6 तारखेला अमेरिकेत राहणारा एक मुलगा मुंबईत अंधेरीच्या आपल्या घरी आला. बेल वाजवली, दार उघडेना. किल्लीवाल्याला बोलावून कुलूप उघडलं, तर आत आईचा सांगाडा होता. मायलेकांचं शेवटचं बोलणं एप्रिल 2016 मध्ये झालं होतं. एकटं राहवत नाही, वृद्धाश्रमात जावंसं वाटतं, असं त्या बोलण्यात आई म्हणाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. वस्ती सुखवस्तू होती, सुरक्षित म्हणून नावाजलेली होती. पुढे 24 तारखेला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे.

निकालाची बातमी वाचताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सरकार आणि आधार कार्ड होतं. अंधेरीच्या बातमीवर लोक हळहळले, शेजार उरला नाही म्हणाले. या दोन गोष्टी कोणी एकत्र पाहिल्याच, तर त्यातून एकच निष्कर्ष निघे: खासगीपणा जपत बसलं की माणसं अशी मरतात. मला हा निष्कर्ष तेव्हाही पटला नव्हता, आज तर मुळीच पटत नाही. त्या बाईंचा खासगीपणा कोणी जपत नव्हतं. खासगीपणा जपायलाही दुसरं माणूस लागतं, ज्याला आत डोकावता येईल आणि तरी जे डोकावणार नाही असं. त्यांच्या दाराशी तसं कोणी उरलंच नव्हतं.

खासगीपणा जास्त आणि सुरक्षितता कमी, किंवा याच्या उलट, असा हिशोब मांडायची आपल्याला सवय लागली आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या इमारतींमध्ये नजर आणि आडोसा या दोन्ही गोष्टी भरपूर आहेत, पण त्यांची वाटणी उलटी झाली आहे. भाडेकरू मुलीकडे रात्री कोण आलं, यावर सगळ्या मजल्याची नजर असते. त्याच मजल्यावर मालकाच्या घरातून रडण्याचा आवाज आला, तर तो मात्र त्यांचा खासगी प्रश्न ठरतो. जिथे आडोसा द्यायला हवा तिथे आपण पाळत ठेवतो आणि जिथे दार ठोठावायला हवं तिथे सभ्यपणे मान वळवतो.

हे कसं झालं ते समजायला चाळीपासून सुरुवात करावी लागेल. मुंबईच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात तेव्हाच्या सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. 160 चौरस फुटांची खोली, समोरासमोर दारं, मधून जाणारा सामाईक व्हरांडा, मजल्याचे सामाईक संडास. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या 556 कुटुंबांना त्याच जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन-चार पिढ्या सतत उघड्या असलेल्या दारांतून ही माणसं एकाच वर्षी बंद दारांच्या आत गेली. गिरगाव-लालबागपासून पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांपर्यंत हेच स्थित्यंतर गेली चाळीस-पन्नास वर्षं हळूहळू चाललं आहे.

चाळीच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांमध्ये मी नाही. तिथे दिवसाढवळ्या घरफोडी करणं अवघड होतं, हे खरं. पहिल्या खोलीतल्या आजी दारात बसून असायच्या आणि अनोळखी पाय दिसला की ‘कोण पाहिजे?’ हा प्रश्न यायचाच. कोणाला रात्री छातीत कळ आली तर चार जण खाली उतरवायला धावायचे. पण त्याच व्हरांड्यातून नव्या नवरा-बायकोला, नवऱ्याने टाकलेल्या बाईला, उशिरा घरी येणाऱ्या मुलीला रोज जावं लागे. कोणाच्या घरी काय शिजतं, कोणाला स्थळ सांगून आलं आणि का मोडलं, हे नळावर ठरे. मार खाणाऱ्या बाईचा आवाज तर सगळ्या मजल्याला ऐकू येई. कधी एखादी धीट बाई मध्ये पडायची, पुष्कळदा कोणीच पडायचं नाही. जवळ राहिल्याने माणसं आपोआप एकमेकांच्या मदतीला येतात, हा भाबडा समज चाळीनेच खोटा ठरवला आहे.

पण चाळीच्या नजरेत एक गुण होता, जो आज कुठेच उरलेला नाही. ती दोन्ही बाजूंनी असे. दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघणाऱ्या आजींचंही दार उघडंच असे. त्यांच्या सुनेचं आणि त्यांचं काय बिनसलं आहे, हे बघितल्या जाणाऱ्यालाही ठाऊक असे. म्हणून नजरेला मर्यादा पडे. कोणी अति केलं तर ‘काय हो काकू, काय बघताय?’ असं तोंडावर विचारता येई. नळावरच्या कुजबुजीला नळावरच उत्तर देता येई. शिवाय माणसं विसरतात. पंधरा वर्षांपूर्वी कोणाची मुलगी कोणाबरोबर फिरायला गेली होती, यावर कालांतराने धूळ बसे, आणि तीच मुलगी पुढे चाळीच्या गणपतीत आरतीचं ताट घेऊन मानाने उभी राही.

मनोऱ्यात आल्यावर नजर एकाच बाजूची झाली. गेटवर कॅमेऱ्यांचा पडदा लागला. त्या पडद्याचा पासवर्ड सेक्रेटरीकडे, वॉचमनकडे, आणि कधी कधी कमिटीतल्या कोणाच्या तरी फोनमध्ये असतो. ज्याच्याकडे बघितलं जातं, त्याला कोण बघतंय हे दिसत नाही, मग तो विचारणार कोणाला? आणि जे टिपलं जातं ते विसरलं जात नाही. व्हॉट्सॲपवर गेलेली पंधरा सेकंदांची चित्रफीत कोणत्याही सर्वसाधारण सभेत ठराव करून परत घेता येत नाही.

कॅमेरे नकोत, असं माझं म्हणणं नाही. वाहनतळावर, मुख्य गेटवर, लिफ्टमध्ये, पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या जिन्यावर ते असावेत. मात्र त्यांच्याकडून काय होतं आणि काय होत नाही, याचा पुरावा उपलब्ध आहे. सीसीटीव्हीवर वेगवेगळ्या देशांत चाळीस वर्षांत झालेले अभ्यास एकत्र करून ब्रँडन वेल्श, डेव्हिड फॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये एक आढावा प्रसिद्ध केला. गुन्ह्यांमध्ये सर्वांत ठळक घट दिसली ती वाहनतळांवर. हिंसक गुन्ह्यांवर म्हणावा असा परिणाम आढळला नाही. आणि जिथे पडद्यासमोर माणूस बसून खरोखर लक्ष ठेवतो तिथेच कॅमेऱ्याचा उपयोग जास्त होतो, असंही दिसलं. याचा अर्थ उघड आहे. स्कूटर चोरीला जाऊ नये म्हणून कॅमेरा लावा. माणसांना इजा होऊ नये म्हणून माणसंच लागतील.

आता दुसरा प्रकार वाढला आहे. आपल्या दारावर आपला कॅमेरा. चार फ्लॅटच्या मजल्यावर समोरासमोरच्या दारांमध्ये पाच-सहा फुटांचं अंतर असतं. माझ्या दारावरचा कॅमेरा म्हणजे प्रत्यक्षात समोरच्या दारावरचा कॅमेरा. समोरचे काका सकाळी किती वाजता बाहेर पडतात, मुलगी क्लासहून कधी येते, किती वेळ घरात एकटी असते, कोणत्या शनिवारी सगळे गावाला गेले, याची रोजची नोंद माझ्या फोनमध्ये आणि कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जमा होत राहते. घरफोडी करणाऱ्याला जी माहिती हवी असते नेमकी तीच ही माहिती. सुरक्षिततेसाठी लावलेली वस्तू शेजाऱ्याचं घर असुरक्षित करू शकते, हा विचार ती विकत घेताना कोणी करत नाही.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयापुढे 2021 साली असंच एक प्रकरण आलं. एका गृहस्थाने चोरीच्या भीतीने दारावरची कॅमेऱ्याची बेल आणि आणखी कॅमेरे बसवले होते, शेजारणीने दाद मागितली. न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. त्या निकालातला मला महत्त्वाचा वाटतो तो भाग आवाजाचा. चित्रापेक्षा आवाजाची नोंद अधिक आक्षेपार्ह ठरली, कारण ते यंत्र दूरवरचं बोलणं टिपत होतं आणि चोर पकडायला शेजाऱ्यांच्या गप्पा ऐकायची गरज नसते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या दारावरच्या कॅमेऱ्यांमध्येही आवाज टिपण्याची सोय सर्रास असते, ती बंद करता येते, आणि बंद करावी हे कोणी सांगत नाही. 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एकाच वास्तूत राहणाऱ्या दोन भावांच्या वादात म्हटलं, की राहत्या भागात दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ करायला नकार दिला. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा मात्र एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या नोंदीला हात लावत नाही. पण सोसायटी म्हणजे व्यक्ती नव्हे. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे आणि घरगुतीपणाची ही सूट तिला मागता येणार नाही, असं मला तो कायदा वाचून वाटतं. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. तोवर वाट पाहण्याचं काहीच कारण नाही.

गेटवर काय चालतं ते आता पाहू. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याबद्दलची सक्ती वाढली, आणि घर भाड्याने देणाऱ्याने ती द्यावी, यात गैर काही नाही. ही माहिती मालकाने द्यायची, पोलिसांना द्यायची. पण वाटेत सोसायटी उभी राहते. आधारची प्रत, ऑफिसचं पत्र, आईवडिलांचा फोन, लग्न झालंय का, नसेल तर कधी होणार. खासगी संस्थांना आधारची सक्ती करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट केलं. तरी आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे वॉचमनच्या केबिनमध्ये उघड्या फायलीत पडलेले असतात. मग येतात नियम. ‘फॅमिलीलाच देणार.’ मुलींनी राहायचं तर दहानंतर पाहुणा नको. आडनावावरून जागा भरल्याचं सांगणं. हे सगळं सुरक्षिततेच्या नावाखाली चालतं. याने कोणता गुन्हा कधी टळला, असा प्रश्न एखाद्या सभेत विचारून पाहावा. उत्तर येतं ते इमारतीच्या ‘वातावरणा’बद्दल. म्हणजे चिंता गुन्ह्याची नसतेच. कोण कसं जगतं यावर आपला ताबा असावा, ही इच्छा असते, आणि ती सरळ बोलून दाखवता येत नाही म्हणून तिला सुरक्षिततेचं नाव दिलं जातं.

घरकामाला येणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर कोणाला संकोचही वाटत नाही. मावशी गेटमधून आत आल्या की फोनवर सूचना येते, बाहेर पडल्या की पुन्हा येते. त्यांचा फोटो, नंबर, त्या आणखी कोणाकोणाकडे काम करतात, किती वाजता, हे सगळं शंभर घरांना दिसतं. एका घराने ‘हिला ठेवू नका’ म्हटलं की ते वाक्य संकुलभर फिरतं आणि तिला उत्तर द्यायला जागा नसते. आणि तिच्या सुरक्षिततेचं काय? ती एकटी दुसऱ्याच्या बंद घरात शिरते. आतला माणूस कसा आहे, आधीच्या बाईने काम का सोडलं, हे तिला कोण सांगणार? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घराला कामाचं ठिकाण मानतो, घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे किती सोसायट्यांच्या सूचना फलकावर लिहिलेलं आहे? वॉचमनच्या केबिनमधल्या रजिस्टरात तिची सही रोज लागते. समितीचा पत्ता तिथे चिकटवायला एक कागद पुरे.

म्हणून मला सुरक्षिततेच्या कोणत्याही व्यवस्थेला पहिला प्रश्न विचारावासा वाटतो तो हा, की बघणारा कोण आणि बघितला जाणारा कोण. नजर नेहमी मालकाकडून भाडेकरूकडे, सभासदाकडून कामगाराकडे, वयस्करांकडून तरुण मुलींकडे जात असेल, तर तिथे काळजीपेक्षा वचक जास्त आहे.

धोका मात्र बहुतेक वेळा गेटमधून येत नाही. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांमध्ये दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. घरातली मारहाण, म्हाताऱ्यांची उपासमार आणि लहान मुलांवरचे अत्याचार हे बंद दारामागे, घरच्याच माणसांकडून होतात. अशा वेळी शेजाऱ्याच्या तोंडी एक वाक्य तयार असतं: आपण कशाला त्यांच्या घरात पडायचं?

महाराष्ट्राने हा वाद एकदा जाहीरपणे घातला आहे. 1982 मध्ये पुण्यात मंजुश्री या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. त्या खटल्यात पुढे सर्वोच्च न्यायालयाने पतीला निर्दोष ठरवलं, पण त्या मृत्यूने शहर हादरलं. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी उभ्या केलेल्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं. घराच्या चार भिंतींत बाईला जे सोसावं लागतं ते समाजाच्या डोळ्यांपुढे मांडणं, हाच त्यातला मुद्दा होता. 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत 498अ हे कलम आलं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तर शेजाऱ्याला थेट स्थान दिलं. त्याच्या चौथ्या कलमानुसार, हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असं मानायला ज्याला कारण आहे, अशी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कोणताही दिवाणी किंवा फौजदारी ठपका येत नाही. मुलांच्या बाबतीत 2012 च्या पॉक्सो कायद्याने निवडही ठेवलेली नाही. अत्याचार झाल्याचं ठाऊक असून न कळवणं हाच गुन्हा आहे.

कायदा इतका स्पष्ट असताना आपण गप्प का बसतो? भीती असते, ती मी कमी लेखत नाही. रोज एकाच लिफ्टमधून जायचं असतं. पण भीतीच्या खाली एक समजूतही असते, की घर हे नवऱ्याचं, मालकाचं, कर्त्याचं असतं आणि खासगीपणाही त्याचाच. मार खाणाऱ्या बाईलाही त्याच घरात तिचा स्वतःचा खासगीपणा आहे, स्वतःच्या शरीरावर हक्क आहे, हे आपल्या मनात येत नाही. 2017 च्या निकालाने खासगीपणा व्यक्तीला दिला आहे. तो घराला किंवा सात-बाऱ्यावरच्या नावाला दिलेला नाही. इतकं मान्य केलं की ‘त्यांच्या घरातलं प्रकरण’ या शब्दांत काही जीव उरत नाही.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मोठ्या, जाणत्या बाईला तक्रार नको असेल तर? तिने मुलांचा, माहेरचा, पैशांचा विचार केलेला असतो. पोलीस येऊन गेल्यावर रात्री काय होईल, हे तिला शेजाऱ्यापेक्षा जास्त कळतं. तिच्या इच्छेविरुद्ध तिचं दुःख चव्हाट्यावर मांडणं हाही तिच्यावरचा अन्यायच. माझ्या मते जीव धोक्यात असेल त्या क्षणी 112 ला फोन करावा, विचारत बसू नये. बाकीच्या वेळी आधी तिला विचारावं, एकटीला, दिवसा, नवरा नसताना. ‘रात्री आवाज आला. मी काय करू शकते?’ इतकंच. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर सांगावा. तिने ‘काही नाही’ म्हटलं तर जोर करू नये, पण आपल्याला ऐकू येतं हे तिला कळलेलं असावं, आणि त्यालाही.

त्यालाही कळलेलं असावं, यासाठी 2008 मध्ये ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने केलेली ‘बेल बजाओ’ ही मोहीम मला आजही आदर्श वाटते. आतून मारहाणीचा आवाज येतो. बाहेरचा माणूस जातो, बेल वाजवतो आणि दूध मागतो किंवा आपला चेंडू मागतो. एवढंच. त्याने काही टिपलेलं नाही, कोणाला काही पाठवलेलं नाही, घरातलं काही विचारलेलंही नाही. फक्त दाराशी उभं राहून आतल्या माणसाला कळवलं आहे, की इथे ऐकणारं कोणी आहे. खासगीपणा अजिबात न मोडता हिंसेत खंड पाडणारी इतकी साधी कृती दुसरी माझ्या माहितीत नाही. आणि ती करायला समोर जावं लागतं. पाळत ठेवणाऱ्याला समोर यावं लागत नाही, काळजी करणाऱ्याला यावंच लागतं.

वसईच्या एका तरुणीचा 2022 मध्ये दिल्लीत निर्घृण खून झाला आणि सारा देश सुन्न झाला. तिने 2020 मध्येच पालघर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती, जोडीदार मारतो, जिवे मारायची धमकी देतो, असं त्यात लिहिलं होतं. पुढे ती तक्रार मिटवली गेली. या घटनेवर महाराष्ट्र सरकारचं उत्तर काय होतं? डिसेंबर 2022 मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्या जोडप्यांची माहिती गोळा करणारी समिती नेमली गेली. टीका झाल्यावर त्यातून आंतरजातीय विवाह वगळले, आंतरधर्मीय ठेवले. मला याचा आजही संताप येतो. त्या मुलीच्या बाबतीत माहितीची कमतरता नव्हतीच. तिनेच स्वतःच्या अक्षरात ती पोलिसांना दिली होती. कमतरता होती ती दिलेल्या माहितीवर पुढे काय झालं, हे विचारत राहणाऱ्या माणसांची. त्याऐवजी हजारो प्रौढ माणसांच्या लग्नांवर नजर ठेवायची सोय झाली. सोसायटीच्या गेटवर जे घडतं त्याचीच ही राज्यपातळीवरची आवृत्ती आहे.

नाव जाहीर केल्याने माणसं सुरक्षित होतात, हा समज करोनाच्या काळातही महागात पडला. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात हातांवर शिक्के मारले गेले, दारांवर कागद लागले, रुग्णांच्या याद्या फोनवरून फिरल्या. परिणाम काय झाला? लोक ताप लपवू लागले. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली खास आदेश दिल्याशिवाय घरांवर असे कागद लावू नयेत. ज्या सोसायट्यांनी त्या दिवसांत यादी न फिरवता दारासमोर डबा ठेवला आणि संध्याकाळी फोन करून ऑक्सिजन किती आहे हे विचारलं, तिथल्या लोकांना आजार लपवावा लागला नाही.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, तरी तो सुटत नाही, कारण आपण त्यासाठी यंत्र शोधतो. जपानमध्ये 1972 पासून ‘याकुल्ट’ घरोघरी पोचवणाऱ्या बायका एकट्या वृद्धांची विचारपूसही करतात. सुरुवात फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा शहरात झाली. आपल्याकडे दूधवाला आहे, पेपरवाला आहे, कामाच्या मावशी आहेत. दारात कालचा पेपर तसाच असेल तर वर येऊन सांग, एवढं वॉचमनला सांगून ठेवलं की झालं. मात्र त्या काकांना आधी विचारलेलं असावं. काहींना रोज सकाळी फोन आवडेल, काहींना तो अपमान वाटेल, आणि ज्याला वाटेल त्याचा मान राखलाच पाहिजे. सत्तरीच्या माणसाला एकटं राहायचा, चार दिवस कोणाशी न बोलायचा पूर्ण अधिकार आहे.

शेजारी किल्ली ठेवायची पद्धत आपल्याकडे होती, अजूनही थोडीफार आहे. जेन जेकब्ज यांनी 1961 च्या आपल्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या दुकानदारांबद्दल हेच लिहिलं आहे. गल्लीतले लोक आपल्या घराच्या किल्ल्या त्यांच्याकडे ठेवत, कारण ते किल्ली सांभाळत आणि ती कोणासाठी ठेवली याची चौकशी करत नसत. रस्त्यावर असणाऱ्या नजरांमुळे शहर सुरक्षित राहतं, हे जेकब्ज यांचं म्हणणं जगभर उद्धृत होतं. त्याच पुस्तकात त्यांनी शहरातल्या खासगीपणाची तितकीच बाजू घेतली आहे, हे मात्र क्वचित सांगितलं जातं. किल्ली कोणाकडे ठेवायची, हे किल्लीचा मालक ठरवतो. ती परतही मागता येते. गेटवरच्या नोंदींबाबत यातलं काहीच रहिवाशाच्या हाती नसतं.

इतकं विचारत बसलो तर तोवर चोर पळून जाईल, असं काही जण म्हणतील. चोराला विचारा असं मी म्हणत नाही. जिना चढणाऱ्या अनोळखी माणसाला ‘कोण हवंय?’ असं थांबून विचारणं चांगलंच, आणि ते समोर उभं राहून विचारलं जातं. गॅसचा वास आला तर दार फोडावं, मूल रडत एकटं फिरत असेल तर हात धरावा. आणीबाणीची वेळ सगळ्यांना ओळखता येते. माझा आक्षेप आणीबाणीच्या नावाने बाराही महिने चालणाऱ्या नजरेला आहे.

सहकारी सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यात रंगकाम, पाण्याचा टँकर आणि पार्किंग यांवर तासन्‌तास वाद होतात. यंदा अर्धा तास यासाठी काढता येईल. फूटेज किती दिवसांनी पुसायचं ते ठरवावं, माझ्या मते महिनाभर पुष्कळ झालं. ते कोणी, कोणाच्या लेखी अर्जावरून पाहिलं याची वही ठेवावी आणि ती कोणाही रहिवाशाला, भाडेकरूलासुद्धा, बघता यावी. गटावर कोणाचीही चित्रफीत टाकायची नाही, चोरीची असली तरी ती पोलिसांकडेच द्यायची. दारावरच्या कॅमेऱ्याचा कोन आपल्या उंबरठ्यापुरता आणि आवाज बंद. आधारच्या जुन्या प्रती सभेसमोर फाडून टाकाव्यात. आणि एक वेगळी यादी करावी, ज्यांनी आपण होऊन नाव दिलं आहे अशांचीच: दोन दिवस दिसलो नाही तर माझी बेल वाजवा, किल्ली अमक्याकडे आहे. सूचना फलकावर 112, 181, मुलांसाठी 1098 आणि वृद्धांसाठी 14567 हे नंबर, शेजारी स्थानिक समितीचा पत्ता. हा ठराव एका पानात मावतो, त्याला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो.